जीर्णोद्धार

चांदवडला पाहुणा आला की आम्ही त्याला होळकरांचा रंगमहाल दाखवायला नेतो. कोरीव लाकूडकाम पाहून झाले की पाहुणा हमखास विचारतो, "यातले मूळचे किती आणि नंतरचे किती?" गेल्या उन्हाळ्यात हाच प्रश्न आमच्या माळ्याखालच्या खोलीतील एका संगणकाने आम्हांस विचारला.

हा संगणक २००३ साली नाशिकहून सुटे भाग जुळवून आणलेला. पेंटियम ४ प्रोसेसर आणि विंडोज ९८. घरातील पुढच्या पिढीने तो केव्हाच भंगारात काढला असता. आम्ही तो राखला तो आईच्या ओव्यांसाठी. तिने जात्यावरच्या आठवतील तेवढ्या ओव्या २००४ च्या पावसाळ्यात आम्हांस सांगितल्या आणि आम्ही त्या टंकल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यापुढे आमचा संग्रह म्हणजे पसाभर दाणे. पण ते आमच्या घरचे दाणे होते.

एके सकाळी कळ दाबली, पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. मनमाडच्या दुरुस्ती करणाऱ्या मुलाने पेटी उघडली. मदरबोर्डावरील प्रोसेसरशेजारचे पाच-सहा कपॅसिटर माथ्याशी फुगले होते. एकातून तपकिरी द्रव पाझरून वाळला होता. त्या काळात, साधारण १९९९ ते २००७ या वर्षांत, सदोष द्रावणाचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत शिरले होते आणि असंख्य यंत्रे त्यापायी अकाली गेली. आमचे त्या मानाने दीर्घायुषी म्हणायचे.

मुलगा म्हणाला, "सर, हार्ड डिस्क चांगली आहे. फाइली काढून देतो, नवीन मशीन घ्या." फाइली निघाल्याही, पण नव्या यंत्रावर उघडल्या तेव्हा ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग होती. त्या काळचे मराठी फाँट देवनागरीची रूपे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवीत आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. आमचे मराठी सॉफ्टवेअर चाले ते संगणकाच्या पाठीमागील प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात एक 'लॉक' खोचले तरच. नव्या यंत्राला ते पोर्टच नाही. तेव्हा ओव्या वाचायच्या तर जुने यंत्रच उठवणे भाग होते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याच बनावटीचा वापरलेला मदरबोर्ड आला. जुना प्रोसेसर काढून, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. जुनी रॅम, जुनी डिस्क, वीस पिनांची वीजजोडणी, कळीच्या आणि दिव्यांच्या बारीक वायरी हे सारे एकेक करून जागच्या जागी बसवले. 'मिलिंदपञ्हा'तील नागसेन राजाला विचारतो की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय. आमचा रथ असा टेबलावर सुटा पडला होता आणि त्यात आमचा संगणक नेमका कोठे आहे हे आम्हांसही सांगता येईना.

सायंकाळी पडदा उजळला. बोर्डावरील बटणसेल नवा असल्याने घड्याळ मुळारंभी गेले होते: १ जानेवारी २००३. मुलगा तारीख दुरुस्त करू लागला तेव्हा आम्ही त्याला क्षणभर थांबवले. त्या तारखेला आई हयात होती.

ओव्यांच्या फाइली दोन निघाल्या. दुसरी आम्हांस पाठ होती. तिच्यावरूनच आम्ही नातेवाइकांत वाटलेली पुस्तिका छापली होती. पहिली मात्र आम्ही विसरून गेलो होतो. तीत 'व्हता' होते, 'पानी' होते, 'म्या' होते. दुसरीत 'होता', 'पाणी', 'मी'. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या लेकाने आईचे उच्चार शुद्ध करून घेतले होते आणि त्याला संपादन असे नाव दिले होते. पुस्तिका हातात पडली तेव्हा आई एवढेच म्हणाली होती, "लई चांगलं झालं रे. पर हे कुनी म्हनलंय?" आम्ही ते कौतुक समजून हसलो होतो.

आता पहिल्या फाइलीचे युनिकोडमध्ये रूपांतर चालू आहे. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रफाराचे नेमके उलटे. रूपांतर करणारे साधन या दोन ठिकाणी अडखळते, म्हणून प्रत्येक ओळ जुन्या पडद्याशी ताडून पाहावी लागते. पाठचिकित्सा आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवली. तिचा पहिला नियम आता कळतो आहे. दुरुस्त करायचे ते यंत्राने चुकवलेले. आईने म्हटलेले नव्हे.