कार्डावर नाव नाही

दिवसभर ऑफिसात कारकुनी आणि संध्याकाळी ओट्यावर लोकांचे अर्ज, म्हणून गल्ली आम्हाला 'कागदवाले' म्हणते. दसऱ्याआधी शेजारची सून आली. "भाऊ, अंगावरून लई जातंय. डॉक्टर म्हणतो पिशवी काढा. फुले योजनेत बसंल का?"

२०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने आहे. २०२३ साली शासनाने ती पांढऱ्या कार्डवाल्यांसह सर्वांना लागू करायचा निर्णय घेतला, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण सुनेचे नाव सासरच्या रेशनकार्डावरच नव्हते. आम्ही म्हणालो, "आधी नाव चढवू, मग पाहू." महिना त्यातच गेला. मुकादमाची उचल घेतलेली. ट्रक आला आणि नवरा-बायकोचा कोयता निघून गेला.

इथे आम्ही चुकलो. सरकारी दवाखान्यात नुसते दाखवायला कार्ड कशाला लागते? दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला तरी मिळाला असता.

आपल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. शंभरात जवळपास सतरा! देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरी तीनच्या आसपास. फडात खाडा पडला की पैसे कापतात, मग बाई दुखणे सोसते किंवा एकदाचे काढून टाकते. विम्यावरचे अभ्यासही सांगतात की कार्डाने भरती होणे वाढते, पण खिशातला खर्च त्या मानाने घटत नाही. बाहेरच्या तपासण्या, गोळ्या, बुडालेली मजुरी यांचा हिशोब योजनेत नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ साली, अडारकरांचा कामगार विम्याचा अहवाल सरकारला सादर झाला. त्यातून १९४८ चा कायदा आला. कारखान्यातल्या कामगाराला आजारपणाच्या रजेचेही पैसे मिळू लागले. ऊस तोडणारी बाई मात्र मुकादमाच्या वहीतच राहिली.

चैत्रात सून परतली. ऑपरेशन तिकडेच झाले. पैसे मुकादमाने भरले, ते पुढच्या उचलीत धरले. वय अठ्ठावीस. कार्डावर नाव तोवर चढले होते.

ज्यांच्या सुनांची नावे राहिली आहेत त्यांनी रविवारी सकाळी विहारात कागद घेऊन यावे. दुखणे असेल तर मात्र रविवारची वाट पाहू नये.