ठिपक्यांचा समुद्र

मुखेडहून समुद्र खूप लांब. मी स्वतःही तो फक्त चित्रातच पाहिलेला. तरी चौथीच्या मुलांना ठिपक्यांनी समुद्रकिनारा रंगवायला शिकवायचं ठरवलं. फ्रान्सचा चित्रकार जॉर्ज सरा याने १८८५ मध्ये समुद्रकाठचा कडा असाच ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवला होता. यात रंग ताटलीत कालवायचे नाहीत. तांबडा आणि पिवळा ठिपका शेजारी-शेजारी द्यायचा. लांबून डोळ्यांना केशरी दिसतो.

आधी घरी इअरबडने सराव केला. घाई केली, ओल्या ठिपक्यावर दुसरा ठिपका पडला आणि सगळा चिखल झाला. मग कळलं, एक रंग सुकला की मगच दुसरा.

वर्गात मुलींना अवघड गेलं नाही; ठिपक्यांची रांगोळी हातात बसलेली. सगळ्यांचा समुद्र निळाशार. एकीने मात्र राखाडी, मातकट ठिपके दिले.

“अगं, समुद्र निळा असतो ना?”

“नाही सर, मी बघितलाय. आई-बाबा मुंबईला बांधकामावर होते तवा. असाच असतोय.”

मी तिला रंग बदलायला सांगणार होतो. गप्प बसलो. चित्र भिंतीला लावलं, मागे जाऊन पाहिलं. सगळ्यांत खरं पाणी तिचंच वाटलं.

आता चित्रकलेच्या तासाला आधी विचारतो, “हे कुणी पाहिलंय का?”