शेजाऱ्याचा बांध

शेजाऱ्याचें सुख तें आपलें सुख, हें वाक्य आपण शाळेंत कित्येकदां ऐकतों. मींही तें ऐकलें होतें. परंतु त्याचा खरा अर्थ मला समजला, तो माझ्या आजोबांनीं सांगितलेल्या एका हकीकतीवरून.

आमचें शिरवणें गांव ठाणें खाडीच्या पूर्वेस आहे. आज तेथें नवी मुंबईच्या इमारती उभ्या आहेत. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व पुढें गांवाची जमीन शहराच्या कामीं गेली. त्यापूर्वीं खाडीकडच्या खाजणांत भातशेती होत असे. उधाणाचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून मातीचा लांब बांध घातलेला असे. त्याला उघाडी असे; ओहोटीच्या वेळीं ती उघडून पावसाचें पाणी बाहेर सोडावयाचें व भरती येण्यापूर्वीं ती बंद करावयाची. बांध एकच, पण कांहीं भाग आमच्या लोकांनीं राखावयाचा, कांहीं शेजारच्या गांवानें.

एके वर्षीं क्षुल्लक कारणावरून दोन्ही गांवांत भांडण झालें. ऐन श्रावणांत शेजाऱ्यांच्या वांट्याच्या बांधाला, खेंकड्यांनीं पोखरलेल्या ठिकाणीं, भगदाड पडलें. त्यांच्यापैकीं एकजण धांवत आजोबांकडे आला व म्हणाला, "दादा, माणसें घेऊन चला, आम्ही अपुरे पडतों." आजोबा तेव्हां तरुण व मानी होते. "ज्याचा बांध त्यानें बांधावा," एवढेंच बोलून ते घरांत गेले.

त्या रात्रीं पौर्णिमेचें उधाण आलें. सकाळीं पाहतात तों शेजाऱ्यांचीं शेतें पाण्याखालीं, आणि तेंच पाणी मागच्या बाजूनें आमच्या शेतांत! आमच्या वांट्याचा बांध मात्र जसाच्या तसा शाबूत होता. मीठ धुऊन जाईपर्यंत तीन पावसाळे ती जमीन पिकली नाहीं. उतारवयांतही हें सांगतांना आजोबांची मान खालीं जाई. "पाण्याला शीव ठाऊक नसते," असें ते म्हणत.

विद्यार्थीमित्रांनो, राष्ट्रांचेंही असेंच आहे. आपल्या खाडींत दरवर्षीं उतरणारे रोहित पक्षी पाहा. त्यांपैकीं पुष्कळ कच्छकडून येतात; आणि कच्छचें मोठें रण भारत व पाकिस्तान यांच्या सीमेवर पसरलेलें आहे. पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार १९७१ सालीं इराणांतील रामसर या नगरीं झाला. त्या कराराच्या यादींत २०२२ सालीं ठाणें खाडीचा समावेश झाला. म्हणजे आपल्या दारची खाडी राखणें हें आपण साऱ्या जगास दिलेलें वचन होय.

आज उपभोगावें, पण उद्यांच्या पिढीसाठीं राखून उपभोगावें, यास शाश्वत विकास म्हणतात. तो एकट्या राष्ट्रास साधत नाहीं. दक्षिण आशियांतील सात राष्ट्रांनीं १९८५ सालीं ढाका येथें 'सार्क' ही संघटना स्थापिली. २००७ सालीं अफगाणिस्तान हें आठवें राष्ट्र तींत आलें. परंतु २०१४ सालच्या काठमांडू येथील बैठकीनंतर तिची शिखर परिषद भरलेली नाहीं. इकडे हिवाळ्यांतील धूर मात्र अमृतसर व लाहोर या दोन्ही नगरांवर सारखाच पसरतो. "ज्याचा बांध त्यानें बांधावा" या हट्टाचेंच तें फळ नव्हे काय?

याउलट एक आनंदाची गोष्टही घडली आहे. पावसाळ्यांत नेपाळांतील नद्या दुथडी भरून वाहतात व तेथें वीज उरते. बांगलादेशास ती हवी असते. नोव्हेंबर २०२४ मध्यें नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशास पोहोंचली. मधल्या शेजाऱ्यानें वाट दिली, म्हणून दोघांचेंही काम झालें.

राष्ट्रांचे करार आपल्या हातीं नाहींत, हें खरें. परंतु उद्यां तुमच्यापैकींच कोणी त्या करारांच्या मेजाशीं बसेल. त्यानें माझ्या आजोबांच्या हकीकतीचा शेवट ध्यानांत ठेवावा. पुढल्या उन्हाळ्यांत ते कुदळ व पाटी घेऊन प्रथम शेजाऱ्यांच्या बांधावर गेले. गांवांमधलें भांडण तेव्हां मिटलें नव्हतें. तरी बांध दोघांनीं मिळून घातला. भांडण मिटावयास पुढें आणखी दोन वर्षें लागलीं. पण तेवढ्या काळांत खाडीचें पाणी कोणाच्याच शेतांत शिरलें नाहीं.