पाळण्याची उंची

आमच्या घरात खाट एकच आहे. लोखंडी, पट्ट्यांची, एका पायाखाली कायम लाकडाची चकती सरकवलेली. अण्णा यंत्रमागावर कामाला आहेत. रात्रपाळी असली की ते सकाळी घरी येऊन खाटेवर आडवे होतात आणि संध्याकाळी ते गेले की मी पुस्तके घेऊन तिच्यावर बसते. दिवसपाळीच्या आठवड्यात हे वेळापत्रक उलटे होते, एवढेच. इचलकरंजीत माग थांबला तर मालकाला चैन पडत नाही. आमची खाट रिकामी दिसली तर आज्जीला पडत नाही. ती लगेच तिच्यावर पापड वाळत घालते.

अशा या दोन पाळ्यांत चालणाऱ्या खाटेशेजारी गेल्या पावसाळ्यात एक पाळणा येऊन उभा राहिला. त्याची ही हकिगत.

ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिल्या नातवंडाचा पाळणा माहेरने द्यायचा, असा आमच्याकडे रिवाज. दाजी चाकणला कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांनी मोबाइलवर एका पाळण्याचे चित्र पाठवले. पाळणा कसला, ती एक छोटी खाटच होती. तीन बाजूंना दांड्या आणि चौथी बाजू उघडी. ती उघडी बाजू आईच्या पलंगाला भिडवायची. म्हणजे बाळ आपल्या वेगळ्या गादीवर झोपते, पण आईच्या हाताशी राहते.

आज्जीने चष्मा लावून चित्र पाहिले आणि विचारले, "ह्याला झोका कुठं हाय?"

"झोका नसतो यात."

"मग पाळणा कशाला म्हणायचं? आमच्या येळंला बाज हुती. बाळातीण बाजंवर, पोरगं कुशीत आन् बाजंखाली शेगडी. अख्ख्या गल्लीत बाज एकच. एकीचं झालं की दुसरीच्या दारात."

आईचे मत झोळीचे. आम्ही दोघी बहिणी आज्जीच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत वाढलो. ती ज्या लोखंडी अँगलला बांधत असत, तो पत्र्याखाली अजून आहे. अण्णांचे मत काहीच नव्हते. ते म्हणाले, "ताईचं नाव राहील असं घ्या. पैशाचं मी बघतो." आणि मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. आमच्या घरी वीजबिलापासून रेशनकार्डापर्यंत कोणताही कागद आला की "ती शिकलीया, तिला दाखवा" असे म्हणतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात पाळण्याचा विषयही माझ्याच वाट्याला आला!

मी अभ्यासाला लागले. खरे सांगते, परीक्षेसाठी इतके वाचले असते तर पहिल्या वर्षाचे गुण निराळे दिसले असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले आहे की निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावे. झोपवायचे ते पाठीवर. गादी घट्ट आणि सपाट हवी. उशी, मऊ दुलई, कापसाची खेळणी यांतले काही जवळ नको, कारण नाकातोंडावर आले तर इवल्या जिवाला ते बाजूला करता येत नाही. दोन दांड्यांमध्ये सहा सेंटिमीटरहून जास्त अंतर नको. जास्त असले तर बाळाचे अंग त्यातून सरकते आणि डोके अडकते. एक बाजू खाली सरकवायची सोय असलेले पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकायलाच बंदी आहे. त्या सरकत्या बाजूच्या फटीत अडकून कितीतरी बाळे दगावली होती. पलंगाला भिडवायच्या पाळण्याचे तर आणखी एक पथ्य: दोन्ही गाद्या एका पातळीत हव्यात आणि मध्ये बोट शिरेल एवढीही फट नको.

फिनलंडची एक गोष्ट मला फार आवडली. तिथले सरकार १९३८ पासून गरीब बाळंतिणींना आणि १९४९ पासून साऱ्याच बाळंतिणींना बाळाच्या कपड्यांचे एक पुठ्ठ्याचे खोके देते. तळाशी छोटी गादी असते. कपडे काढून घेतले की त्याच खोक्यात बाळ झोपते. मी हे मोठ्या उत्साहाने घरी सांगितले. अण्णा म्हणाले, "खोक्यात पोर?" आज्जी मात्र जराही चकित झाली नाही. "त्यात काय? आमी सुपात घालत हुतो की!"

एका रविवारी मी आणि आई कोल्हापूरला दुकाने पाहायला गेलो. पहिल्या दुकानात गुलाबी मच्छरदाणीचा पाळणा, दुसऱ्यात चाकांचा, तिसऱ्यात बटण दाबले की गाणे म्हणणारा. मी दप्तरातली पट्टी काढून दांड्यांमधले अंतर मोजू लागले तेव्हा विक्रेता म्हणाला, "ताई, मोजताय काय? लोकं रंग बघून घेत्यात." एका पाळण्यात अंतर साडेसात निघाले. दाजींच्या चित्रासारखा एक होता. सगळे पथ्य पाळणारा. किंमत साडेनऊ हजार! आईने पदर सावरला आणि आम्ही बसस्टँडवर येऊन भडंग खाल्ला.

रात्री किंमत ऐकून अण्णा एवढेच म्हणाले, "मालकाकडं शब्द टाकतो."

शब्द टाकणे म्हणजे उचल घेणे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कामगाराला नड आली की मालक रक्कम देतो आणि ती दर आठवड्याच्या मजुरीतून कापतो. ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जादा दर मिळत असला तरी जाता येत नाही. ताईच्या लग्नातली उचल अजून फिटायची होती. अण्णा बारा-बारा तास उभे राहून चार माग सांभाळतात. त्या आवाजाने त्यांना एका कानाने कमी ऐकू येते. मी पेन घेतले आणि कागदावर हिशेब मांडला: जुनी उचल इतकी, नवी इतकी, आठवड्याला कपात इतकी. पुढच्या दिवाळीपर्यंत अण्णा बांधलेले! हा सहा महिन्यांचा पाळणा आपल्याला परवडत नाही, असे मी शिकलेल्या माणसाच्या सुरात सांगितले.

ताई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. पण ती काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात ताईला मुलगी झाली. ऑपरेशन करावे लागले. वजन दोन किलो तीनशे. पाळण्याचा निर्णय तसाच लोंबकळत राहिला होता, कारण मूल होण्याआधी रिकामा पाळणा घरात आणू नये, असे आज्जीचे म्हणणे. घरी आल्यावर ताईला अर्थातच खाट मिळाली. टाके असलेल्या बाईला जमिनीवरून उठता येत नाही. अण्णा स्वयंपाकघरात, मी दाराशी, आणि बाळ झोळीत. पाचवीच्या रात्री सटवाईने नशीब लिहावे म्हणून आज्जीने कोरा कागद ठेवला आणि माझे पेन मागून घेतले. सकाळी कागद कोराच होता, पेन मात्र आज्जीने अजून परत दिलेले नाही.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावले होते की एवढ्या लहान बाळाला रात्रभर झोळीत ठेवू नका. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडचण होते. मी ते घरी सांगितलेही होते. पण दुसरी सोय काय, याचे उत्तर कुणापाशीच नव्हते. अरुंद खाटेवर बाळाला कुशीत घ्यायला ताईला भीती वाटे. डोळा लागला आणि अंग पडले तर?

तिसऱ्या रात्री बाळ रडले. आईला त्या दिवशी ताप होता, म्हणून तिने गोळी घेतली होती. मी जागी झाले तर ताई एका हाताने पोट धरून, दुसऱ्याने खाटेचा गज धरून उठू पाहत होती. मी धावले, बाळ तिच्या हातात दिले. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा घामाने भिजलेला होता.

"सांगितलं असतंस तर..." मी म्हणाले.

"कुणाला?" ती म्हणाली. "तुम्ही सगळे ठरवत होता. आज्जीला झोका पाहिजे, अण्णांना नाव पाहिजे, तुला हिशेब पाहिजे. मला कुणी इचारलं?" मग थोड्या वेळाने, बाळाकडे बघतच, "तुझी फी भरताना कुणी कागदावर मांडलं नव्हतं."

वाचकहो, ताई बारावीनंतर घरी बसली आणि दोन वर्षे कांड्या भरायला जात होती. माझ्या अकरावीची आणि बारावीची फी त्या कांड्यांतून गेली. हे मला माहीत होते. पण माहीत असलेली गोष्ट रात्री दोन वाजता बाळंतिणीच्या तोंडून ऐकणे निराळे. मला रडू आले. मला रडताना पाहून ताई चिडली आणि म्हणाली, "आता तू तरी गप बस, एक रडतंय तेवढं पुरं झालं."

मग मी तिला विचारले, तुला काय पाहिजे. किती सोपा प्रश्न! आणि उत्तरही तेवढेच सोपे. "मला न उठता तिला घेता यावं. पडल्या पडल्या हात टाकला की ती लागावी. बाकी गुलाबी का हिरवा, मला काय करायचंय?"

सकाळी मी खाट मोजली. चकतीसकट अठरा इंच, त्यावर गादी तीन. अण्णांच्या कारखान्याजवळ मागाचे लाकडी भाग करणारे एक सुतारकाका आहेत. त्यांच्यासमोर मी वही उघडून चित्र काढले: तीन बाजू, चौथी मोकळी, दांड्यांत पाच सेंटिमीटर, गादीची पातळी एकवीस इंचांवर. काका म्हणाले, "पोरी, मागाच्या कामात सुताएवढा फरक पडला तर धोटा उडून माणसाच्या डोळ्यात जातो. पाच सेंटिमीटर काय सांगतीस!" त्यांनी शिल्लक सागवानातून तीन दिवसांत काम केले. रंग लावू दिला नाही मी. नुसता कागद मारून गुळगुळीत केले. चौदाशे रुपये. आतली गादी काथ्याची, पातळ आणि चांगली टणक. आज्जीने तिच्यावर मूठ मारून पाहिली आणि पोरीचे हाल होणार असे भाकीत केले. डोके गोल व्हावे म्हणून तिने मोहरीची उशी शिवून ठेवली होती; त्या उशीवरून घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी ती उशी आज्जीच स्वतःच्या मानेखाली घेते.

पाळणा खाटेला जोडायचा कसा, हा प्रश्न मात्र मी वाचलेल्यात सुटला नव्हता. दोरीने बांधला तर रात्रीत सैल होई आणि मध्ये फट पडे. अण्णांनी दोन दिवस काही न बोलता ते पाहिले. मग एका सकाळी रात्रपाळीहून येताना ते कारखान्यातल्या जॉबरना घेऊन आले. त्या दोघांनी मागाच्या जुन्या पट्ट्याचे दोन तुकडे खाटेच्या गजाला गुंडाळून नटबोल्टने असे आवळले की पाळणा आणि खाट एकच वस्तू झाली. अण्णांनी मधल्या जागेत बोट घालून पाहिले. शिरले नाही. मग चकतीचा पाय हलवून पाहिला. चकती त्यांनी पहिल्यांदाच खिळ्याने ठोकून टाकली. कपडे न बदलता ते तिथेच जमिनीवर झोपले.

बारशाला दाजींच्या आईंनी पाळण्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "विकतचा नाही का?" आई काहीतरी सावरून बोलणार होती. तेवढ्यात ताई म्हणाली, "नाही, मापाचा आहे." नाव ठेवताना झोका द्यायला हवा म्हणून आज्जीच्या समाधानासाठी पाच मिनिटे झोळी बांधली होती. बायकांनी पाळणा म्हटला, बाळाने भोकाड पसरले आणि ताईने तिला उचलून पुन्हा काथ्याच्या गादीवर ठेवले.

आता ताईला सव्वा महिना झाला. रात्री मी स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर पाट ठेवून वाचते. दिव्याला वर्तमानपत्राचा कागद लावलेला असतो. मधूनच आतून कुरकूर ऐकू येते. मी उठून पाहते तर ताईचा हात झोपेतच पलीकडे गेलेला असतो आणि कुरकूर थांबलेली असते.

पुढच्या महिन्यात दाजी न्यायला येणार आहेत. पाळणा चाकणला न्यायचा तर तिकडच्या पलंगाची उंची कळायला हवी, म्हणून मी फोन केला. त्यांनी मोजून सांगितली. आमच्या खाटेपेक्षा तीन बोटे कमी आहे. आता पाळण्याचे पाय कापायचे की त्यांच्या पलंगाखाली विटा ठेवायच्या, यावर दोन्ही घरांत बोलणी चालू आहेत. सुतारकाका कापू नका म्हणतात. यावेळी आम्ही आधी ताईला विचारले आहे. ती म्हणते, सांगते दोन दिवसांत.