पोस्टकार्डाची पाठ

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं मामूंकडे कॅनडाला गेलो होतो. मामू व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरात राहतात. कॅनडा म्हणजे नायगारा, असं आमच्या डोक्यात; पण नायगारा तिथून हजारो किलोमीटर दूर. पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मामूंनी आमच्यापुढे ठेवलं ते बुटांचं एक जुनं खोकं. आत पोस्टकार्डं होती, १९०० ते १९२० या काळातली.

आम्ही चित्रं पाहू लागलो. धबधबे, आगगाड्या, गिरजाघरं. मामू हसले. "बेटा, चित्र सगळेच पाहतात. कार्डाची पाठ वाचा."

मग आम्ही शिक्षक असूनही विद्यार्थी झालो. १९०३ च्या अखेरीपर्यंत कॅनडात कार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहायचा असे; मजकूर चित्राच्या कडेला, जागा मिळेल तिथे कोंबावा लागे. पुढे मागच्या बाजूला मधोमध रेघ आली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. म्हणजे शिक्का पुसट असला तरी कार्डाचा काळ सांगता येतो. देशातल्या देशात कार्डाला एक सेंट पडे. त्याचं हिरवं तिकीट, त्यावर आधी सातवा एडवर्ड, १९११ च्या अखेरीस पाचवा जॉर्ज. महायुद्धात, १५ एप्रिल १९१५ पासून, एक सेंट युद्धकर लागला आणि कार्ड दोन सेंटांचं झालं. काही शिक्क्यांवर गावाऐवजी रेल्वेमार्गाचं नाव होतं. धावत्या गाडीच्या टपालडब्यात कारकून पत्रं निवडत आणि तिथेच शिक्का मारत.

मामूंनी एक मोडकं कार्डही दाखवलं. कुणीतरी तिकीट फाडून नेलेलं. "तिकिटाबरोबर शिक्का गेला, शिक्क्याबरोबर तारीख आणि गाव गेलं. आता हे कार्ड मुकं आहे."

तळाशी एक कार्ड वेगळं ठेवलेलं होतं. लाकूड कापण्याच्या गिरणीपुढे उभे असलेले पगडीवाले कामगार. भिंगातून पाहिलं तर छपाईचे ठिपके नव्हते. फोटोच्या कागदावरच काढलेलं कार्ड होतं. खाली इंग्रजीत एकच शब्द, 'हिंदू'. आम्ही म्हटलं, "मामू, हे तर शीख दिसतात." मामू म्हणाले, "त्या काळी इथे हिंदुस्तानातून आलेला प्रत्येक जण हिंदूच. शीख असो की मुसलमान. चित्र विकणाऱ्याला नाव विचारायची गरज वाटली नाही."

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला शहरात घेऊन गेले. ग्रॅनव्हिल आणि हेस्टिंग्ज रस्त्यांच्या कोपऱ्यावर घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत आहे. १९१० मध्ये पूर्ण झालेलं हे टपाल कार्यालय. आता तिथे सिंक्लेअर सेंटर आहे, दुकानं आणि कचेऱ्या. खोक्यातलं तिचं कार्ड मामूंनी सोबत आणलं होतं. ते समोर धरून आम्ही इमारतीशी ताडून पाहिलं. मनोरा तोच होता. रस्त्यावरच्या ट्राम तेवढ्या कार्डावर राहिल्या होत्या.

तिथून चालत आम्ही समुद्राकाठी कोल हार्बरला गेलो. २३ मे १९१४ रोजी 'कोमागाता मारू' जहाज इथे आलं. ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबचे. शीख सर्वांत जास्त, काही मुसलमान, थोडे हिंदू. १९०८ च्या नियमानुसार मायदेशातून थेट, न थांबता प्रवास केलेल्यांनाच प्रवेश होता, आणि हे जहाज हाँगकाँगहून निघालेलं. मोजक्या लोकांना उतरू दिलं. बाकीचे दोन महिने किनारा पाहत बसले आणि २३ जुलैला परत पाठवले गेले. २०१२ मध्ये उभारलेल्या स्मारकाच्या भिंतीवर प्रवाशांची नावं आहेत. आम्ही एकेक नाव वाचत गेलो. गिरणीपुढच्या त्या माणसांना मात्र कार्डावर एकच शब्द मिळाला होता.

परतताना मामूंनी सहज विचारलं, "दुल्हाभाई कुवेतहून खतं पाठवायचे. ती कुठे आहेत?" आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. अब्बा गेल्यावर घराला रंग काढला, तेव्हा पत्र्याची पेटी रद्दीत गेली होती. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

गावी आल्यावर अम्मीची कपाटं धुंडाळली. एका जुन्या हिशेबाच्या वहीत एक लिफाफा सापडला, अब्बांच्या उर्दू अक्षरातल्या खतासह. खतात आमच्या शाळेच्या फीची चौकशी होती, ईदच्या कपड्यांसाठी पैसे पाठवल्याचं होतं, आणि पावसाआधी कौलं परतून घ्या म्हणून बजावलं होतं. घाईत तारीख घालायची राहिली होती.

ती शिक्क्यावर असणार म्हणून लिफाफा उलटून पाहिला. वरचा उजवा कोपरा कातरलेला होता. लहानपणी आमच्या तिकिटांच्या वहीसाठी तो आम्हीच कातरला होता.