दोन होडक्यांची सांगड

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या रायपूर शहरात, त्यातही तात्यापाऱ्यासारख्या दाट वस्तीच्या भागात राहणाऱ्या माणसाने शिडाची होडी विकत घ्यावी, ही गोष्ट आमच्या शेजाऱ्यांना प्रथम थट्टेची वाटली आणि नंतर काळजीची. थट्टा मी समजू शकत होतो. भोसल्यांच्या राजवटीबरोबर जी मराठी घराणी छत्तीसगडात आली, त्यांनी पुढे कारकुनी, वकिली, शिक्षकी असे सगळे कोरडे व्यवसाय पत्करले. पाण्याशी त्यांचा संबंध बुढा तलावाच्या पायऱ्यांपुरताच राहिला. काळजीचे कारण मात्र खरे होते. होडीचे पैसे माझ्या निवृत्तीच्या शिलकेतून जाणार होते, आणि त्या होडीत माझी मुलगी बसणार होती.

ती छात्रसेनेच्या नौदल शाखेत शिडाची होडी हाकायला शिकली. २०१७-१८ साली नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या गोव्यात बांधलेल्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हाची वर्तमानपत्रांतील कात्रणे तिने अजून जपून ठेवली आहेत. पण छात्रसेनेची वर्षे संपली आणि तिच्या हातातले शीड सुटले. गाणाऱ्याच्या घरातून तंबोरा गेला म्हणजे गळा बसावयास किती दिवस लागतात? विद्या हातची जाऊ द्यावयाची नसेल तर साधन घरी असले पाहिजे, एवढेच मला कळत होते.

नवी होडी आमच्या आवाक्याबाहेरची होती. शोध घेता घेता पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विश्रामस्थळाने विक्रीस काढलेली जुनी कॅटमरान दृष्टीस पडली. हा शब्द आपल्याकडूनच जगभर गेला. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरील कोळी ओंडके एकत्र बांधून ज्यावर समुद्रात जात, ते कट्टुमरम्. दोन होडक्यांची जोडनौका ही मूळची प्रशांत महासागरातील बेटांवरची, पण युरोपीय खलाशांनी तिलाही तेच नाव चिकटविले. मराठीत तिला नवे नाव शोधण्याची गरज नाही. पोहायला शिकताना भोपळ्यांची सांगड आपल्या वाडवडिलांनी बांधलीच होती, आणि दोन होड्या एकमेकींना जखडून नदी ओलांडीत, त्यांनाही सांगडच म्हणत. आज आपण ‘सांगड घालणे’ हा प्रयोग केवळ विचारांच्या संदर्भात करतो. शब्द पाण्यातून निघून कागदावर येऊन बसला.

आमची सांगड कॅलिफोर्नियातील होबी आल्टर या लाटांवरच्या फळ्या बनविणाऱ्या गृहस्थाच्या आराखड्यावरची. लांबी १६ फूट ७ इंच, वजन सुमारे १४५ किलो. तिच्या दोन्ही होडक्यांची एक कूस फुगीर आणि एक सपाट असते. त्या आकारामुळेच ती वाऱ्याने आडवी सरकत नाही, म्हणून तिला खाली फळी लावावी लागत नाही आणि उथळ पाण्यातही ती चालते. धरणाच्या जलाशयात जिला फिरावयाचे आहे, तिच्यात हा गुण हवाच.

व्यवहाराला निघण्यापूर्वी आमच्या घरात बैठक झाली. माझ्या आईने जुन्या हिशेबाप्रमाणे निवाडा दिला : “सोळा आण्यांतले नऊ आणे होडीला दे, सात आणे गाठीला ठेव. जुनी गाय दूध देण्याआधी चारा मागते.” सौ.ने एकच अट घातली : “अहो, होडी जुनी असो की नवी, जो दोर तुटला तर पोर पाण्यात जाईल तो दोर नवा हवा.” पुढे जेव्हा जेव्हा पैशाचा प्रश्न आला, तेव्हा हीच दोन वाक्ये आम्हांला उपयोगी पडली.

होडी पाहिली तेव्हा ती लग्नघरासारखी रंगविलेली होती. आम्ही जवळ गेलो आणि मुलीने खिशातून एक नाणे काढून होडक्याच्या पाठीवर टिचक्या मारावयास सुरुवात केली. बाजारात मडके घेताना बायका वाजवून पाहतात ना, तसेच. या होडक्यांचे कवच फायबरग्लासच्या दोन पातळ थरांचे आणि मध्ये फेसासारख्या हलक्या द्रव्याचे असते. थर जोडलेले असले म्हणजे नाद खणखणीत येतो, सुटले असले म्हणजे बद्द. डाव्या होडक्याच्या पाठीवर, डोलकाठीच्या तारेच्या पुढे, वीतभर जागा बद्द वाजली. विक्रेत्याने त्याबद्दल अवाक्षरही काढले नव्हते. मग आम्ही पाणी काढण्याच्या बुचातून तोंडाने हलकेच हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले. सायकलची ट्यूब तपासतात तशी ही रीत. सायकलचा पंप मात्र येथे लावू नये, कारण जोराच्या दाबाने धड सांधेही उकलतात. दोन ठिकाणी बुडबुडे आले. ते सर्व विक्रेत्याला दाखविल्यावर किंमत नऊ आण्यांवरून साडेसात आण्यांवर आली. खोट लपविणाऱ्याशी भांडण्यापेक्षा ती त्याच्यासमोर वाजवून दाखवावी, हे बरे.

होडी ट्रकवरून रायपूरला आली ती रात्री. दिवसा आमच्या अरुंद रस्त्यावरून २६ फुटांहून लांब डोलकाठी वळविणे अशक्यच होते. ही काठी अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि डोक्यावरच्या विजेच्या तारांना तिचा स्पर्श झाला तर पुढे बोलावयास कोणी उरत नाही. म्हणून ती अंगणात आडवीच ठेवली. उभी करावयाची ती फक्त जलाशयाकाठी, वर मोकळे आकाश आहे याची खात्री करून, असा घरात नियम झाला.

पुढील चार महिने अंगणात कारखाना चालला. बद्द वाजणाऱ्या जागी बारीक छिद्रे पाडून पातळ इपॉक्सी आत सोडले, वर विटा ठेवल्या, आणि दोन दिवसांनी नाणे पुन्हा खणखणीत वाजले तेव्हा आमच्या आईलाही ते ऐकविले. दोन होडक्यांच्या मध्ये बसण्याचे कापड ताणलेले असते, खाटेच्या नवारीसारखे. ते उन्हाने कुजले होते. परगावाहून नवे मागविले असते तर दीड आणा गेला असता. ते शहरातील एका ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराने जुन्याच्या मापावर, उन्हाला टिकणारा पॉलिएस्टरचा दोरा वापरून शिवून दिले. सुकाणू खिळखिळे झाले होते. त्याच्या खिळीभोवतीच्या नायलॉनच्या बुशा एका लेथवाल्याने तासल्या. रायपूर-भिलाईचा हा पट्टा लोखंडाचा. समुद्र नाही म्हणून आम्हांला हिणविणाऱ्यांनी येथील लेथ पाहावे.

खरा वाद झाला तो शेवटच्या तीन आण्यांवर. जुने शीड सैल पडले होते आणि त्याला तीन ठिगळे होती. मुलीला नवे शीड हवे होते, आणि तिची मागणी पोरकट नव्हती. सैल पडलेल्या शिडाने होडी वाऱ्याला जवळ धरून जात नाही, हे तिचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. दुसरीकडे डोलकाठी उभी धरणाऱ्या तीन पोलादी तारा होत्या. डोळ्यांना त्या निर्दोष दिसत होत्या. मुलीने स्वतःच कापसाचा बोळा तारेवरून फिरविला. दोन तारांवर तो अडकला, म्हणजे आतील एखादा धागा तुटून वर आला होता. त्यातील एक जरी वाऱ्यात तुटली, तर अख्खी काठी शिडासकट माणसांवर कोसळते. मुलगी काही वेळ तो कापूस हातात धरून बसली. मग म्हणाली, “बाबा, आईचा दोर हाच.”

तिन्ही तारा नव्या आल्या. दोन चांगली लाइफ जॅकेट आली. होडी उलटली तर ती पुन्हा सरळ करण्यासाठी लोंबता दोर बांधला, आणि काठीच्या शेंड्याला हवाबंद बोया लावला. उलटलेली होडी पुरती पालथी होऊन काठी तळच्या गाळात रुतू नये म्हणून. शर्यत खेळणारे या बोयाला हसतात म्हणे. हसोत. शिडासाठी एक दिडकीही उरली नाही, ठिगळे सौ.ने उसवून पुन्हा पक्की शिवली.

धमतरीपलीकडे महानदीवर गंगरेलचे धरण आहे. त्याच्या पाण्याखाली पुष्कळ गावे गेली, अंगारमोती मातेचे स्थानही तेथून हलवावे लागले. हे पाणी शेतीला आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाते, म्हणून उन्हाळ्यात पातळी उतरते आणि बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात. आम्ही रीतसर परवानगी घेऊन पावसाळ्यानंतरचे भरलेले पाणी निवडले. काठावर जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध केवटाने आमची होडी जुळताना पाहिली, उठून जवळ आला, दोन्ही होडक्यांवर हात फिरविला आणि म्हणाला, “ये तो दू ठन डोंगा आय!” हे तर दोन डोंगे आहेत. वाऱ्याची विचारपूस आम्ही त्याच्याजवळच केली. दुपारनंतर टेकडीकडून झोत येतो, तेव्हा त्या बाजूस जाऊ नका, असे त्याने हाताने दाखविले.

सौ. काठावर उभी राहिली. मी पुढे बसलो, सुकाणू मुलीच्या हाती. ठिगळांचे शीड प्रथम फडफडले, मग फुगले, आणि उजवे होडके पाण्यावरून हलकेच उचलले गेले. मुलीने शिडाचा दोर थोडा सैल सोडला. होडके पुन्हा टेकले. तिचे बोट नव्या तारेवर क्षणभर टेकले होते, ती ताठ आहे ना हे पाहण्यासाठी. मग तिने मला बाजू बदलावयास सांगितले आणि होडी वळविली.

नव्या शिडासाठी आईने आपल्या डब्यातून दोन आणे बाजूला काढून ठेवले आहेत. ते कोणत्या रंगाचे असावे यावर आमच्या घरी सध्या एकमत नाही.