चार खोल्यांत एक फोन

आमच्या घरी फोन वाजला की नवा पाहुणा दचकतो. समोरच्या खोलीत वाजतो, स्वयंपाकघरात वाजतो, माडीवर मुलांच्या खोलीत वाजतो आणि मागच्या अंगणापलीकडे अम्मींच्या खोलीतही वाजतो. तेही एकदम नाही, किंचित मागेपुढे. मशिदींच्या अजाना एकमेकींच्या मागून सुरू व्हाव्यात तसं. मग पाहुणा विचारतो, “अजून लँडलाइन ठेवलीय? आणि चार-चार?”

चार नाहीत, एकच आहे. लाइन एक, नंबर एक. वर्ध्याचा ०७१५२ चा जुना नंबर, अब्बांच्या नावावर घेतलेला. फक्त बिनतारी हँडसेट चार आहेत. एक मुख्य डबा असतो, त्याला बेस म्हणतात. लाइनची वायर फक्त त्याच्यात जाते. बाकीच्या हँडसेटना वायर लागत नाही, विजेच्या प्लगला लावलेली एक छोटी बैठक पुरते. बेस आणि हँडसेट आपसात रेडिओ लहरींवर बोलतात. एकापासून सुरुवात करायची आणि गरज पडेल तसे वाढवत न्यायचे. आमच्या बेसवर सहा चालतात. आम्ही चारवर थांबलो.

हे सगळं २०१८ च्या जुलैमध्ये सुरू झालं. तोवर समोरच्या खोलीत, स्टुलावर क्रोशाच्या रुमालाखाली एकच साधा फोन होता. आमच्यापैकी एकजण दिवसभर वर्ध्याला शाळेत, दुसरा रुग्णालयात, तोही महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळीला. मुलं शाळेत आणि शिकवणीला. घरात दुपारी अम्मी एकट्या. त्यांची खोली मागे, मूळ घरातली. मातीच्या हातभर जाड भिंती, वर कवेलू. पुढच्या विटांच्या खोल्या आम्ही नंतर बांधल्या. अम्मींच्या खोलीत मोबाइलची एक काडी येते, तीही खिडकीशी उभं राहिलं तर. शिवाय काचेचा मोबाइल त्यांच्या बोटांना जुमानत नाही. त्या दाबतात, तो सरकतो. त्या म्हणतात, “ये मुआ मेरी सुनताच नही.”

म्हणून फोन वाजला की अम्मी उठायच्या आणि अंगण ओलांडून यायच्या. अकोल्याहून धाकट्याचा असेल, अमरावतीहून लेकीचा असेल. पावसानं शेवाळलेल्या शहाबादी फरशीवर एका दुपारी पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अल्लाहच्या मेहेरबानीनं चांगलं झालं, पण अम्मी दोन महिने खाटेला खिळल्या. फोन कोणाचा होता ते आजवर कळलेलं नाही. त्या जुन्या फोनवर नंबर दिसत नव्हता.

त्या महिन्यात आम्ही नागपूरला जाऊन सीताबर्डीवरून बेस आणि दोन हँडसेट आणले. एक समोर, एक अम्मींच्या उशाशी. पुढे स्वयंपाकघरासाठी तिसरा आणि माडीवर चौथा. चौथ्यानं छळलं. दिसायला तसाच, कंपनीही तीच, पण मॉडेल वेगळं निघालं. बेसवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, मग हँडसेटवर चार शून्य टाकायचे, म्हणजे दोघांची ओळख होते. हा ओळख द्यायलाच तयार नाही. परत नागपूर. तेव्हा कुणी घेणार असेल तर जुन्या बेसचा मॉडेल नंबर कागदावर लिहून न्यावा. आणि आत पेन्सिलसारखे दोन सेल असतात, ते चार्ज होणारेच घालावे. मुलानं एकदा घड्याळाचे साधे सेल घालून बैठकीवर ठेवला होता. वेळीच दिसलं. साधे सेल चार्जिंगला लावले तर ते गळतात, फुगतात.

पण अम्मींना फोनपेक्षा इंटरकॉमच जास्त आवडला. एका हँडसेटवरून दुसऱ्याला हाक मारता येते, पैसे पडत नाहीत, लाइनही लागत नाही. मुलीनं त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला. त्या दिवसापासून अम्मी खाटेवरून घर चालवू लागल्या. “डाल जलरी, बास आरी मेरे को इधर तक.” “माडी का पंखा बंद करो.” रमजानमध्ये सहरीला उठवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. तीन हँडसेटवर एकामागून एक. मुलं पांघरुणात हँडसेट दाबून धरत, मग तो सकाळी सापडत नसे आणि बेसवरचं बटण दाबून शोधावा लागे. एकदा तो कणकेच्या डब्यात वाजत होता. तिथं कसा गेला, हे कुणीही कबूल केलेलं नाही.

आमच्या शाळेची मुलं दरवर्षी आश्रम बघायला सेवाग्रामला येतात. बापूंच्या दफ्तरात एक जुना टेलिफोन ठेवलेला आहे. लॉर्ड लिनलिथगो १९३६ ते १९४३ व्हाइसरॉय होते. त्यांना गांधीजींशी बोलता यावं म्हणून तो इथं बसवला. साप पकडायचा चिमटा आणि पिंजरा बघून झाला की मुलं या फोनपाशी थांबतात. मागे एकानं विचारलं, “इसका चार्जर किधर हय?” आम्ही हसलो, पण प्रश्न बरोबर होता. त्या फोनला चार्जर लागत नाही. तांब्याच्या तारेच्या फोनला वीज तारेतूनच येते, टेलिफोन केंद्रातल्या बॅटऱ्यांकडून, साधारण ४८ व्होल्ट. गावाची वीज गेली तरी तो वाजतो. आमच्या बेसला मात्र घरातली वीज लागते. वीज गेली की चारही हँडसेट मुके.

हे आम्हाला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. मे महिना, वर्ध्याचं ऊन, रात्री अकराला वीज गेली. अम्मींना पाणी हवं होतं. त्या ठिपका दाबत राहिल्या. शेवटी स्टीलच्या ग्लासानं खाटेचा लोखंडी दांडा वाजवला, तेव्हा कुठे आम्ही धावलो. दुसऱ्या दिवशी रुमालाखालचा जुना फोन माळ्यावरून काढून त्याच लाइनला समांतर जोडला, आणि बेसला छोटी बॅटरी घेतली. आता तांब्याची तार जाऊन फायबर आलं आहे. तिथे मोडेमलाही वीज लागते, म्हणून तोही त्याच बॅटरीवर. ग्लास मात्र अम्मींनी उशाशीच ठेवला आहे.

दुसरा धडा सोपा नव्हता. तो याच पहिल्या वर्षातला, डिसेंबरमधला.

अम्मी वॉकर धरून चालायला लागल्या होत्या. पण रात्री दोनदा-तीनदा उठवावं लागे, बाथरूम अंगणापलीकडे. रात्रपाळी करून आलेलं माणूस सकाळी सातला घरी येई आणि शाळेचं माणूस सातलाच निघे. सहा महिने असं चाललं होतं. एका रात्री धाकट्याला अकोल्याला फोन लावला. एकजण समोरच्या खोलीतून बोलत होता, दुसरा स्वयंपाकघरातल्या हँडसेटवरून. कोण काय बोललं ते आता वेगळं करून सांगण्यात अर्थ नाही, दोघांच्या मनात एकच होतं. आम्ही म्हणालो, सहा महिने झाले, आम्हालाही सुट्टी लागते. दोन महिने तुमच्याकडे ठेवा. तो म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही, बायकोची नोकरी. आम्ही म्हणालो, आमच्या नोकऱ्या नाहीत का? मग आवाज चढले. “ठेवा”, “कुठे ठेवू”, “किती दिवस ठेवायचं” असे शब्द इकडून तिकडे गेले. जणू सामानाबद्दल चाललं होतं. मध्येच तो म्हणाला, “खोकलं कोण?” आम्ही म्हणालो, मुलं असतील वर.

खोकला माडीवरून आला नव्हता. एका लाइनवर बोलणं चालू असताना दुसऱ्या हँडसेटचं हिरवं बटण दाबलं की तोही त्या बोलण्यात सामील होतो. अम्मींना पाणी हवं होतं. अंधारात ठिपका सापडला नाही, बोट हिरव्यावर पडलं.

हे आम्हाला चार दिवसांनी कळलं. त्या चार दिवसांत घर फार शांत होतं आणि, खरं सांगायचं तर, आम्हाला ते बरं वाटलं. रात्री इंटरकॉम वाजत नव्हता. वाटलं, अम्मींना झोप लागतेय. चौथ्या रात्री अंगणात काहीतरी खरडल्याचा आवाज आला. बघतो तर अम्मी वॉकर सरकवत एकट्या परत येत होत्या, त्याच फरशीवरून जिथं पडल्या होत्या. थंडीनं हात थरथरत होते. आम्ही ओरडलोच, उठवलं का नाही म्हणून. त्या म्हणाल्या, “तुम लोगों को भी छुट्टी होना ना.”

वाचकहो, आम्ही दोघंही शिकलेली माणसं. एकजण तर मुलांना शिकवतो की दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये, तजस्सुस गुनाह आहे. त्या रात्री हे वाक्य कुठंच लागू पडेना. अम्मींनी चोरून ऐकलं नव्हतं, पाणी मागायला बटण दाबलं होतं. बोलणं आमचं होतं. आणि ते त्यांच्याबद्दल होतं, फक्त त्यांना वगळून. सेवाग्रामचं नाव आधी सेगाव होतं. पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं, हे आम्ही शाळेत कितीदा सांगितलं असेल. आमचं बोलणं चुकीच्या पत्त्यावर गेलं असं त्या रात्री वाटलं. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात आधी ते त्याच पत्त्यावर जायला हवं होतं, फक्त त्या भाषेत नाही.

फोनच्या पुस्तिकेत शोधलं तर एक सोय सापडली. ती चालू केली की एका हँडसेटवर बोलणं सुरू असताना दुसरा मध्ये येऊच शकत नाही. दोन मिनिटांचं काम. मुलगी तेव्हा नववीत होती, ती लगेच करून द्यायला निघाली. आम्ही थांबवलं. तिच्या मैत्रिणींच्या गप्पा कुणी ऐकू नयेत, हा तिचा मुद्दा चुकीचा नव्हता, आणि पुढे तिच्या हट्टाखातर तिला मोबाइल द्यावाच लागला. पण ही सोय चालू करणं म्हणजे आम्ही पुढेही तसंच बोलणार आहोत आणि फक्त कडी लावतोय, असं झालं असतं.

माफी मागितली. अम्मींनी ती ऐकली की नाही कोण जाणे, त्या तसबीह ओढत होत्या. पण रविवारी धाकट्याला परत फोन लावला, तेव्हा लाल ठिपका दाबून आधी अम्मींना सांगितलं, “अम्मी, अकोला लगाया, तुम भी उठाओ.” तीन हँडसेटवर तिघं आणि पलीकडे तो. पहिली दोन मिनिटं कुणीच बोलेना. मग अम्मीच बोलल्या. त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. रमजान इथं, ईदनंतर दोन महिने अकोल्याला. तिसरा मजला चढवायला खुर्ची आणि दोन माणसं लागतील, ती तू बघ. आणि माझ्या औषधांचे पैसे माझ्या पेन्शनमधून, कुणी मध्ये बोलू नका.

२०१९ मध्ये ईदनंतर त्या गेल्या. ते दोन महिने त्यांच्या खोलीतला हँडसेट बैठकीवरच होता. फोन आला की रिकाम्या खोलीतही वाजायचा. तो काढून ठेवावा असं सुचलं होतं, पण कुणी काढला नाही. त्या दोन महिन्यांत आम्ही झोपलो, मनसोक्त झोपलो, हेही लिहायला हवं. अकोल्याहून त्या रोज मगरिबनंतर फोन करायच्या आणि विचारायच्या, “मेरा वाला बजा क्या?”

त्या परत आल्या. जानेवारी २०२१ मध्ये लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावायचा नियम आला आणि त्यांनी पाठ केलेली सगळी बटणं एका दिवसात निकामी झाली. मुलानं एका संध्याकाळी बसून प्रत्येक नंबराआधी शून्य घातलं. अम्मी शेजारी बसून तपासत होत्या.

आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. ऐकू कमी येतं, हँडसेटचा आवाज शेवटच्या पायरीवर असतो. अजूनही कधीकधी ठिपक्याऐवजी हिरवं बटण दाबलं जातं आणि आम्ही कुणाशी तरी बोलत असताना त्या लाइनवर येतात. पूर्वी अब्बा बाहेरून आले की दारातच खाकरायचे, आत बायका बसलेल्या असतील तर त्यांनी पदर सावरावा म्हणून. अम्मी आता फोनवर तसंच करतात. आधी दोनदा मोठ्यानं खाकरतात, थांबतात, आणि मग विचारतात, “मैं भी हूँ. पानी कोन लारा?”